दहा वाजताचं रक्त

सकाळी नॉर्मल म्हणून घरी सोडलेला पेशंट दुपारी दवाखान्यात परत आणताना वाटेतच गेला. प्रयोगशाळेच्या बाईंना फोनवर कळलं. पेशंट म्हणजे दवाखान्याच्या दारावरचे काका. बाईंना पाच मिनिटं उशीर झाला, की रोज घड्याळ दाखवून चिडवणारे!

छातीत दुखतंय म्हणून काका सातला आले होते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली, की त्यातलं एन्झाइम रक्तात उतरतं. पण त्याला काही तास लागतात. म्हणून रक्त दोनदा घ्यायचं, सातला आणि दहाला. घेणारा काकांचाच जावई. त्याला सुई धरायला बाईंनीच शिकवलेलं.

दोन्ही रिपोर्ट नॉर्मल होते.

"मशीनच बिघडलंय," म्हणून डॉक्टर मोकळे झाले.

बाईंनी मशीन तपासलं. ठणठणीत! मग फ्रीजमधून काकांच्या दोन्ही नळ्या काढल्या. दोन्ही अर्ध्याच. नळी खुणेपर्यंत भरायची, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. बाईंनी दोन्हींतली साखर मोजली. सातची एकशे चार, दहाची ऐंशी.

मग बाई बाहेर बाकावर काकांच्या बायकोजवळ जाऊन बसल्या.

"काकू, सकाळी काकांनी काही खाल्लं होतं?"

"नऊला चहा. तीन चमचे साखर घालून! मी ओरडले हो त्यांना..." काकूंना हुंदका आवरेना.

"रक्त घेताना त्रास झाला?"

"शीर सापडेना. सातला चारदा टोचलं. लेकरासारखे रडले."

"आणि दहाला?"

"तेव्हा मी औषधं आणायला खाली गेले होते."

बाईंनी जावयाला आत बोलावून दार लावलं.

"दहाला रक्त घेतलंस?"

"घेतलं की."

"खोटं बोलू नकोस रे. नळीत पडून राहिलेलं रक्त स्वतःतलीच साखर खातं; सातची नळी लगेच फिरवून पेशी वेगळ्या केल्या, म्हणून तिची साखर टिकली. काका नऊला गोड चहा प्यायले, म्हणजे दहाची साखर वाढायला हवी. ती उलट घटलीय. ते रक्त सातचंच आहे. एकदाच काढलंस आणि दोन नळ्यांत अर्धं अर्धं केलंस."

त्यानं स्टूल ओढलं.

"पुन्हा टोचू नका म्हणून हात जोडले त्यांनी. सासरा माझ्यापुढं हात जोडतोय, बाई! मला नाही बघवलं. अर्धं ठेवून दिलं. पहिलं बिघडलेलं आलं तर दहाला नव्यानं घेईन, म्हटलं. पहिलं नॉर्मल आलं..."

बाईंना रडू फुटलं. इतक्या मायेच्या माणसाला दोष तरी कसा द्यायचा? पण द्यायलाच हवा होता.

"मला लिहावं लागेल," त्या म्हणाल्या.

"लिहा. पण माझ्या बायकोला मी सांगतो."

त्यानं दार उघडलं. बाहेर बसलेली काकांची लेक उठली आणि त्याच्या गळ्यात पडली.

"शेवटी तू होतास त्यांच्याजवळ, एवढंच समाधान बघ."

त्यानं तिला हलकेच बाजूला केलं, बाकावर बसवलं.

"ऐक," तो म्हणाला. "बाबा माझ्यामुळे गेले."