एक्क्याऐंशी हिरव्या खुणा

"दार लावून घ्या," मालकीणबाई म्हणाल्या. "चार वाजेपर्यंत इथून कुणी हलायचं नाही."

पावणेतीन वाजले होते. प्रकाशनसंस्थेच्या त्या प्रूफरूममध्ये माणसं होती पाच आणि हवा जेमतेम दोघांपुरती. एकुलत्या एका खिडकीसमोर जुन्या प्रुफांचे गठ्ठे थेट छतापर्यंत रचलेले. ती खिडकी शेवटची कधी उघडली होती, कुणालाच आठवत नव्हतं.

टेबलावर इंग्रजी लेखनाची मार्गदर्शिका होती, नवी कोरी, पाच हजार प्रतींपैकी एक. शेजारी तिच्या अंतिम प्रुफाचा गठ्ठा, आणि त्यावर एक टाइप केलेलं पत्र. पत्रात प्रूफवाचकाला कामावरून काढल्याचं लिहिलं होतं. सही तेवढी व्हायची होती.

प्रूफवाचक खुर्चीत मान खाली घालून बसले होते. एकतीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला आठ महिने उरलेले.

"चार वाजता लेखिका येतायत," मालकीणबाई म्हणाल्या. "त्यांच्या सातव्या प्रकरणात एक्क्याऐंशी ठिकाणी परस्पर बदल झालेत. प्रुफावर हिरव्या शाईच्या खुणा आहेत. हिरवी शाई या ऑफिसात एकच माणूस वापरतो. प्रत्येक पानाखाली त्याचीच आद्याक्षरं आहेत. आणखी काय हवं?"

"मला तासभर हवा," कोपऱ्यातून आवाज आला.

तो सूचीबाईंचा होता. पुस्तकाच्या शेवटी कुठला विषय कुठल्या पानावर आहे, याची सूची करणं हे त्यांचं काम.

"तू त्याची बहीण आहेस," मालकीणबाई म्हणाल्या.

"आणि मुख्य संपादकांची बायको. एक भाऊ, एक नवरा. फिट्टंफाट झाली की."

संगणकावर मजकूर जुळवणारा ऑपरेटर फिस्सकन हसला. मुख्य संपादक भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी बायकोकडे पाहून मान डोलावली. "बघू दे तिला. माझी काही हरकत नाही."

सूचीबाईंनी खुर्ची ओढली.

"दादा, या खुणा तुझ्या?"

"नाही गं ठकू. पण सिद्ध कसं करू? शाई माझी, पेन माझं. खणाला कुलूप मी कधी लावलंच नाही."

"आद्याक्षरं?"

"ती माझीच. चूक सापडो न सापडो, वाचलेल्या प्रत्येक पानाखाली मी ती घालतो. त्यातच अडकलोय."

सूचीबाईंनी सातवं प्रकरण उघडलं. विषय साधा दिसणारा आणि छळणारा होता. इंग्रजीत एखादी गोष्ट कुणाची हे सांगायचे दोन मार्ग: अपॉस्ट्रॉफी लावून एस जोडा, नाहीतर मध्ये 'ऑफ' घाला. लेखिकाबाईंचं म्हणणं असं, की बऱ्याचदा दोन्ही चालतात, पण दोन्ही सारखी नसतात. माणसाला अपॉस्ट्रॉफी शोभते, निर्जीव वस्तूला बहुधा 'ऑफ'. घराचं छप्पर म्हणायचं तर 'द रूफ ऑफ द हाउस'. शेवटी कानाला विचारा, असं त्यांनी लिहिलं होतं. हिरव्या खुणांनी कानाला काही विचारलं नव्हतं. घर, टेबल, नदी, शतक, जे दिसेल त्याचा 'ऑफ' छाटून अपॉस्ट्रॉफी बसवली होती.

"दादा, यात मुळात चुकलेलं काय होतं?"

प्रूफवाचकांनी पहिल्यांदा मान वर केली. "काहीच नाही. आधीचंही बरोबर होतं. नंतरचंही, तसं पाहिलं तर, अगदी चूक म्हणता येत नाही."

"मग तू हात लावला असतास?"

"मी? लेखकाच्या निवडीला? मी चुका काढतो, ठकू. निवडी नाही."

मालकीणबाई कंटाळल्या. "हे त्याने म्हणायचं आणि आपण ऐकायचं. पुरावा कुठाय?"

सूचीबाई ऑपरेटरकडे वळल्या. "या खुणांप्रमाणे दुरुस्त्या तुम्ही केल्यात?"

"खुणा असतील तर केल्या असतील, बाई." त्याने घाम पुसला. "तीनशे पानं. कोण लक्षात ठेवतो? मला यात ओढू नका."

"दुरुस्ती केली की तुम्ही काय करता?"

"काय करणार? पुढची करतो."

"आणि पेन्सिल कशाला असते हातात?"

"ती होय! खुणेपाशी बरोबरची बारीक टिक मारतो. नाहीतर एखादी राहून जाते."

"नेहमी?"

"हाताला सवयच आहे."

सूचीबाईंनी पानं चाळली. दुसरं प्रकरण, हिरवी खूण, शेजारी टिक. पाचवं, तसंच. सातवं. त्यांचं बोट थबकलं. या प्रकरणात टिका होत्या फक्त चार, त्याही निखळलेल्या अक्षरांपाशी आणि दोनदा छापलेल्या एका शब्दापाशी. बाकीच्या एक्क्याऐंशी खुणांपाशी पेन्सिलीचा ठिपकासुद्धा नव्हता.

त्यांनी पानं उलटी करून पाठी पाहिल्या. एक पाहिली, दुसरी पाहिली, आणि मग बाकीच्याही एकेक करून पाहिल्या.

"दादा, अंतिम प्रूफ तू कसं वाचतोस?"

"शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे. सगळ्यांना ठाऊक आहे. सुलट वाचलं की अर्थ ओढून नेतो आणि डोळा घसरतो."

"वाचलेलं पान?"

"डावीकडे ठेवतो, छापलेली बाजू वर. त्यावर पुढचं."

"आणि तुझी शाई?"

"वाळेस्तोवर जीव खाते."

साडेतीन झाले होते. उत्तर हाती आलं होतं आणि ते सूचीबाईंना नको होतं. इथेच थांबावं, असं त्यांना वाटलं. काही सापडलं नाही म्हणावं, पत्रावर सही होऊ द्यावी, दादाला घरी राहायला न्यावं. कुणाला कळणार होतं? पण दादा त्यांच्याकडे बघत होता, आणि भिंतीला टेकलेला नवराही. एकाला सोडवायचं तर दुसऱ्याला अडकवावं लागणार होतं, आणि दार तर बंदच होतं.

"शेवटचा प्रश्न," त्या ऑपरेटरला म्हणाल्या. "काम झाल्यावर फाइल आणि गठ्ठा कुठे जातो?"

"सरांकडे." त्याने मुख्य संपादकांकडे पाहिलं. "फाइल सर एकदा बघून छापखान्यात पाठवतात. गठ्ठा त्यांच्या कपाटात."

"तिथून कधी निघाला?"

"आज सकाळी, मी मागवला तेव्हा," मालकीणबाई म्हणाल्या. "लेखिकांचा फोन परवा आला होता."

सूचीबाई उभ्या राहिल्या.

"ही एकशेबारा पानावरची दादाची खूण. शाई ओली असताना वर पान पडलं, म्हणून तिचा ठसा एकशेअकराच्या पाठीवर उमटलाय. उलटं वाचणाऱ्याचा ठसा आधीच्या पानावर उमटतो. गठ्ठाभर असंच आहे. आता सातवं प्रकरण बघा. अठ्ठ्याण्णवचा ठसा नव्याण्णवच्या पाठीवर, नव्याण्णवचा शंभरच्या. या खुणा करणारा माणूस पुढे पुढे जात होता. छापलेलं पुस्तक शेजारी ठेवून तो बदल प्रुफावर उतरवून घेत होता."

"पुस्तकावरून प्रुफावर?" मालकीणबाई पुढे झुकल्या.

"हो. बदल आधी छापले गेले, खुणा मागाहून आल्या. म्हणून ऑपरेटरच्या टिका नाहीत. त्याच्या हातून प्रूफ गेलं तेव्हा या खुणा नव्हत्याच. आणि खुणा त्याने स्वतः केल्या असत्या, तर टिका मारायला तो विसरला नसता. बदल झाले ते त्याच्यानंतर आणि छापखान्याच्या आधी. त्या मधल्या वेळात फाइल एकाकडेच होती. गठ्ठाही एकाच कपाटात होता. आणि बरोबर असलेलं काढून आपल्या आवडीचं बरोबर घालायचं, हे प्रूफवाचकाचं काम नाही. ते संपादकाचं."



"सहा महिने जेवताना मी तेच ऐकतेय," त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "ऑफ जुनाट झाला. बाई हट्टी आहेत. एकदा छापून आलं की त्यांच्या लक्षातही येणार नाही. मला वाटायचं, बोलून मोकळे होतायत."

मुख्य संपादकांनी भिंत सोडली.

"त्यांनी पहिल्याच दिवशी पकडलं," ते शेवटी म्हणाले. "परवा फोनवर त्यांचा आवाज ऐकला आणि माझं डोकंच चालेना. काल तुम्ही सगळे जेवायला गेला होतात. खण उघडाच होता."

"मला इथे तूच सांभाळून घेतलंस असं जगाला सांगत होतास," प्रूफवाचक हळूच म्हणाले. "मी मात्र तुला काम शिकवलं, हे कधी कुणाला सांगितलं नाही."

"दादा, मी..."

"मला दादा म्हणू नकोस आत्ता."

मालकीणबाईंनी टाइप केलेलं पत्र उचललं आणि मधोमध फाडलं. मग एक कोरा कागद मुख्य संपादकांपुढे सरकवला. "लेखिकांना द्यायला लेखी हवं. चारला दहा कमी आहेत."

ते लिहायला बसले. अक्षर नेहमीसारखंच सुरेख होतं. लिहून झाल्यावर त्यांनी कागद सवयीने बायकोपुढे धरला. वीस वर्षं घरातलं प्रत्येक पत्र तिनेच वाचून पाहिलेलं.

सूचीबाईंनी वाचलं. 'प्रकरण सातमध्ये चूक झाली आहे. प्रूफवाचकांचा तिच्याशी संबंध नाही.'

"अहो, कुणाची?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"चूक झाली म्हणताय. कुणाची झाली ते लिहा."

दारावर टकटक झाली. लेखिकाबाई पाच मिनिटं आधीच आल्या होत्या. मुख्य संपादकांनी कागद परत घेतला आणि 'चूक'च्या आधी एक शब्द घातला: माझी.

खाली साक्षीदाराची सही लागणार होती. सूचीबाईंनी ती केली आणि मग जाऊन दार उघडलं.