सुळ्यावर पडलेला चढ्या

पावलं घसरली आणि नारळाच्या झाडावरून चढ्या हा नारळ काढणारा यंत्रमानव धाडकन कोसळला. कोसळला तोही कुठे, तर नारळ सोलायच्या लोखंडी सुळ्यावर! सुळा खचकन पोटात घुसला, आणि पोटातच तर त्याची बॅटरी!

नीरजाच्या काळजाचं पाणी पाणी झालं. शेजारच्यांची विजेवरची जुनी स्कूटर बॅटरीला पत्रा टोचून कशी भडकली, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. इथे तर सुक्या सोडणांचा (नारळाच्या सालींचा) ढीग, आणि पडवीत झोळीत झोपलेला तिचा तान्हा भाऊ!

“नीरजा, लांब जा!” पडल्यापडल्या चढ्या म्हणाला.

तिने बाळाला उचललं आणि विहिरीकडे धूम ठोकली. “आत्या गं! चढ्या पेटणार!”

उल्काआत्या शास्त्रज्ञ. चढ्याची बॅटरी तिनेच बनवलेली. धावत येऊन तिने दुरूनच तापमापक रोखला. आकडे उतरेपर्यंत ती पाहत राहिली. मग म्हणाली, “तापली होती. आता निवतेय.”

“पेटली कशी नाही?”

“बॅटरीत दोन इलेक्ट्रोड (विजेची देवघेव करणारी टोकं) असतात. मधे पातळ पडदा. तो फाटला की दोन्ही बाजू भिडतात, बॅटरी तापते. त्या स्कूटरच्या धन इलेक्ट्रोडात कोबाल्टचं ऑक्साइड होतं. ते फार तापलं की स्वतःतला ऑक्सिजन सोडतं. आतला द्रव ज्वलनशील (पेट घेणारा). मग काय, आगीला आयतंच मिळालं!”

“आणि चढ्याच्या?”

“लोह-फॉस्फेट. त्यातला फॉस्फरस ऑक्सिजनला घट्ट धरतो, तू बाळाला धरलंयस ना, तस्सा. ऋण बाजूला लिथियम टायटेनेट. त्यावर पडदा फाडणाऱ्या लिथियमच्या सुया सहसा वाढत नाहीत. वीज मात्र कमी साठते, म्हणून हा लवकर दमतो.”

“दमू दे मेल्याला!” नीरजा रडतारडता हसली आणि चढ्याकडे निघाली.

“थांब! आज कुणी हात लावायचा नाही,” आत्या म्हणाली आणि मटकन कट्ट्यावर बसली.

“आत्या, तूसुद्धा घाबरलीस?”

“प्रयोगशाळेत या बॅटरीत कितीदा खिळे ठोकलेत मी. पण तिथे शेजारी आपलं बाळ झोपलेलं नसतं गं! आता शेजारच्यांच्या नव्या स्कूटरलाही हीच बसवते.” तिने हात पुढे केले. “दे, दे बाळाला इकडे.”