रिकामा रकाना

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" मी काचेपलीकडच्या माणसाला म्हणाले. एरवी मी अनोळखी माणसाला वेळसुद्धा विचारत नाही. पण त्याच्या डाव्या खांद्यामागे, फळीवर, एक लाल हेल्मेट आणि बाळाचे बूट यांच्या मधे आमच्या कुकरचं झाकण ठेवलेलं मला स्वच्छ दिसत होतं. आणि तो पडद्याकडे बघत मला सांगत होता, की असं काही जमाच झालेलं नाही.

ही बस डेपोतली हरवलं-सापडलंची खिडकी. झाकणाचं हॅंडल बसवून आणताना मी ते बसमध्ये विसरले होते आणि तेव्हापासून आईने घर डोक्यावर घेतलं होतं.

खिडकीवाल्याने मान वळवून मागे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"दिसतंय मला."

"मग द्या की."

"कॉम्प्युटर नाही म्हणतो."

"आणि तुमचे डोळे काय म्हणतात?"

"डोळे हो म्हणतात… पण डोळ्यांना पावती छापता येत नाही."

बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानावर पेन, आणि बोलताना चेहरा गंभीर ठेवून हसायची खोड. मी पाहिलं आणि सोडून दिलं.

"कोणत्या बसमध्ये विसरलात?" त्याने विचारलं.

"आठवत नाही. त्या दिवशी बऱ्याच बस बदलल्या."

"म्हणून मी तो रकाना रिकामा सोडलाय."

"काहीतरी भरून बघा."

"खोटं?"

"अंदाजाने हो!"

त्याने एका बसचा नंबर टाकला – काही नाही. दुसऱ्या बसचा टाकला, आणि पडद्यावर अवतरलं: कुकरचं झाकण, चंदेरी. तो स्वतःच चकित झाला. झाकण काचेखालून माझ्याकडे सरकवताना म्हणाला, "घ्या, झाकणबाई."

मी ते घेऊन निघायला हवं होतं. आई वाट बघत होती. पण माझा पाय निघेना, आणि त्या क्षणी तरी त्याला कारण तो नव्हता.

"बसचा रकाना रिकामा ठेवला की काहीच सापडत नाही? दरवेळी?"

"दरवेळी. लोकांना कुठे आठवतं? आम्ही सांगतो, नाही सापडलं, पुढच्या आठवड्यात या." मागच्या फळ्यांकडे त्याने हात केला. बॅगा, कोट, चष्मे, एक सनई की बासरी कसलीतरी पेटी. "ह्यातल्या कितीतरी जणांना मीच परत पाठवलंय." हे म्हणताना मात्र तो हसत नव्हता.

"हा प्रोग्राम आमच्या ऑफिसचा आहे," मी म्हणाले.

"तुम्ही केलाय?"

"मी नाही. आमच्या ऑफिसने."

"म्हणजे आज वस्तूही सापडली आणि चोरही!"

मी झाकण काखेत मारून घरी आले. आईला झाकण मिळालं, पण मला जेवताना त्या फळ्या आठवत राहिल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमच्या थोरल्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "एरर येते का? नाही ना? मग चालू आहे ते." चूक दाखवून बंद पडणारं काम बरं. जे गप्प राहून चुकतं त्याच्या वाटेला कोणी जात नाही. मी हट्टाने ते काम मागून घेतलं.

अशी मी खिडकीच्या आतल्या बाजूला पोचले. तिथे ओल्या लोकरीचा आणि जुन्या चामड्याचा वास होता. त्याने मला स्टूल दिलं आणि स्वतः हरवलेल्या एका ट्रंकेवर बसला.

"ही तुमची ती… काय म्हणालात, प्रोसिजर… करते काय?"

"स्टोअर्ड प्रोसिजर. डेटाबेसच्या पोटात ठेवून दिलेली तयार आज्ञा. तुम्ही वस्तू, रंग, बस भरता. ते तिचे पॅरामीटर. मग ती तुकड्याला तुकडा जोडून प्रश्नाचं वाक्य तयार करते. कुकरचं झाकण हवं, आणि चंदेरी हवं, आणि अमक्या बसमधलं हवं. दरवेळी वाक्य वेगळं, म्हणून तिला डायनॅमिक क्वेरी म्हणायचं."

"आणि मग?"

"मग ते वाक्य चालवते. आज चालवायचं नाही. नुसतं छापून बघायचं. ती नक्की काय विचारते आहे, ते आधी ऐकूया."

मी बसचा रकाना रिकामा ठेवला आणि बटण दाबलं. पडद्यावर काहीही उमटलं नाही. अर्धं वाक्य नाही, एक शब्द नाही.

"बिघडलं?" तो पुढे झुकला. त्याच्या शर्टाला इस्त्रीचा गरम वास होता.

"नाही, सापडलं. एक तुकडा 'माहीत नाही' असा आला की त्याला जोडलेलं सगळं वाक्यच 'माहीत नाही' होऊन जातं. वस्तू माहीत होती, रंग माहीत होता – सगळं गेलं. मग ती काहीच विचारत नाही. तक्रारसुद्धा करत नाही. गप्प बसते."

तो पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता.

"ओळखीची वाटते," तो म्हणाला.

"कोण?"

"तुमची प्रोसिजर."

मला राग आला. आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. मी मान खाली घालून दुरुस्ती लिहायला लागले. दुरुस्ती साधी होती: रकाना रिकामा असेल तर तो तुकडा जोडायचाच नाही.

"म्हणजे रिकामं ठेवलं तर ती काय समजणार?"

"काहीही चालेल, असं समजणार."

"रिकामं म्हणजे काहीही चालेल," त्याने पाठांतर केल्यासारखं म्हटलं. मग शोधलं, तर चष्मे, कोट, ती वाद्याची पेटी, सगळं भराभर सापडायला लागलं. दुपारी एक आजोबा आपली काठी न्यायला आले. तीनदा हेलपाटे घातले होते त्यांनी. काठी हातात आल्यावर त्यांनी तिचीच हजेरी घेतली, "कुठे होतीस गं?" आम्ही दोघे हसलो, आणि हसता हसता एकदमच थांबलो.

काम संपलं होतं. दुसऱ्या दिवशी मला तिकडे जायचं काही कारण नव्हतं, आणि सकाळपासून ते मला जाणवत होतं. तेवढ्यात त्याचा फोन आला.

"झाकणबाई, काळी बॅग मागितली तर करडी, केशरी आणि किरमिजीसुद्धा येते. तुमची प्रोसिजर आता फारच उदार झाली आहे."

पहिली चूक निस्तरली की तिच्याआड दडलेली दुसरी बाहेर येते, आमच्या धंद्यात हे नेहमीचंच. आधी बस भरल्यावर यादी इतकी लहान व्हायची की रंगाकडे कोणाचं लक्षच जात नव्हतं. मी बॅग उचलली आणि डेपोत गेले. आत शिरताना केस नीट केले. तिथे आरसा नव्हता, एका बसच्या काचेत बघून केले.

"रंगाच्या पॅरामीटरला लांबी लिहायची राहिली आहे," मी शोधून सांगितलं. "लांबी लिहिली नाही, तर पहिलं अक्षर आत जातं आणि बाकीचं बाहेरच राहतं."

"म्हणजे मी पूर्ण 'काळी' म्हणतो आणि तिला नुसता 'क' ऐकू येतो?"

"हो."

"तुमच्याशी बोलतो तेव्हाही असंच होतं का?"

"मला पूर्ण ऐकू येतं."

"मग उत्तर का येत नाही?"

"तुम्ही अजून काही विचारलंय कुठे…"

त्याने कानावरचं पेन काढलं, उगाच टोपण उघडलं, लावलं. चहा सांगून येतो म्हणाला आणि गेला. दोन ग्लास घेऊन आला, त्यातला कमी साखरेचा न विचारता माझ्यापुढे ठेवला. अर्ध्या तासाचं काम मी पुरवून पुरवून संध्याकाळपर्यंत नेलं. तोपर्यंत मला कळून चुकलं होतं की मला हा माणूस आवडतो. कळल्यावर मी काय केलं? प्रत्येक रंग एकदा तपासला, मग पुन्हा एकदा तपासला.

निघायच्या वेळी तो म्हणाला, "मला दुसऱ्या शहरात बोलावलंय. तिथल्या मोठ्या गोदामाचा मुख्य म्हणून. सगळ्या डेपोंचं सामान तिथेच येतं. किती वर्षं मागत होतो…"

"अच्छा."

"शुक्रवारपर्यंत कळवायचंय." त्याने स्टेपलर सरळ ठेवला, मग वाकडा केला. "तुम्हाला काय वाटतं?"

प्रश्न पूर्ण ऐकू आला. उत्तरही तयार होतं. पण ते ओठांपर्यंत येईतो मला वाटलं, मी कोण सांगणारी? आणि हा नुसता बोलायचं म्हणून विचारत असला तर? मी लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिले. खिडकीवर कोणीतरी हरवलेल्या हातमोज्याची चौकशी करायला आलं, तो उठला, आणि मी "येते" म्हणून बाहेर पडले.

घरी आईने एका नजरेत ओळखलं.

"झाकण तर केव्हाच मिळालं. मग रोज डेपोत काय हरवतं तुझं?"

"काम असतं, आई."

"काम! केसांत क्लिप लावून? काय म्हणाला तो?"

मी सांगितलं. आई पोळपाट पुसता पुसता थांबली.

"आणि तू मूग गिळून गप्प बसलीस."

"त्याला कळायला हवं ना…"

"का, त्याला काय स्वप्न पडणार आहे?"

मी काही बोलले नाही, म्हणजे तिथेही मूगच. आईने पोळपाट जरा जोरातच आदळला. त्या रात्री नाही आणि त्यानंतरही नाही, मी त्याला फोन केला नाही. दर वेळी नंबर काढायचे आणि ठेवून द्यायचे. स्वतःला समजावायचे की मी त्याला मोकळेपणाने ठरवू देते आहे. फार उदात्त वाटायचं, आणि जेवण जायचं नाही.

शुक्रवारी दुपारी गेलेच. निमित्त तयार होतं, शेवटची तपासणी. तो ट्रंकेवर बसून फळ्यांना नवीन चिठ्ठ्या डकवत होता.

"कळवलं मी," मान वर न करता तो म्हणाला. "येतो म्हणून. सोमवारी हजर व्हायचंय."

"मला न सांगता?"

"तुम्हाला तर विचारलं होतं."

"मी कुठे काही म्हटलं?"

"नाही ना. तुम्ही रकाना रिकामा सोडलात." आता त्याने वर पाहिलं. चेहरा गंभीर होता आणि आत कुठेही हसू नव्हतं. "मी दोन दिवस वाट पाहिली. मग तुमचाच नियम लावला. रिकामं म्हणजे काहीही चालेल. मी राहिलो तरी, गेलो तरी."

त्या दुरुस्तीचा मला केवढा अभिमान होता! साहेबांना मी ती तीन वेळा समजावून सांगितली होती. रकाना रिकामा ठेवणाऱ्याच्या मनात काय असतं, हे आपल्याला कळलं आहे असं मला वाटत होतं. आता तो समोर बसून मला माझंच मत ऐकवत होता, आणि ते साफ चुकीचं होतं.

"नाही चालणार," मी म्हणाले.

"काय नाही चालणार?"

"काहीही. काहीही चालेल असं नाही. तू असा गेलास तर मला चालणार नाही."

'तू' निसटलं होतं. आता माघार घेण्यात अर्थ नव्हता. त्याच्या हातातली चिठ्ठी त्याच्याच बोटाला चिकटली, आणि तो ती काढायचं विसरला.

"मग… नको जाऊ?" त्याने हळूच विचारलं. "अजून सांगता येईल त्यांना. तिथले साहेब ओळखीचे आहेत."

हे मला हवं होतं. अगदी हेच ऐकायला मी दोन दिवस जेवले नव्हते. हो म्हटलं असतं तर तो राहिला असता. त्याच्या डोळ्यांत ते दिसत होतं. आणि त्या गोदामाबद्दल बोलताना त्याचा आवाज कसा बदलला होता, तेही मी विसरले नव्हते.

"जा," मी म्हणाले. "इतकी वर्षं मागितलंस, ते हातचं घालवू नकोस. पण माझा माणूस म्हणून जा."

तो ट्रंकेवरून उठला आणि पुन्हा बसला.

"मला तू आवडतोस," मी सांगून टाकलं. "एका शनिवारी मी तिकडे येईन, पुढच्या शनिवारी तू इकडे ये. मधल्या दिवसांचं काय करायचं ते मला कळत नाहीये. आणि आता तू काही बोलला नाहीस ना, तर मी रडेन, सांगून ठेवते."

"रडू नकोस," तो घाईने म्हणाला. "मी… अगं, मला बोलू तरी दे. मला पहिल्या दिवसापासून…"

काचेवर टकटक झाली. रांग दारापर्यंत गेली होती. पुढच्या बाईने वाकून आत पाहिलं. "अहो, लोक खोळंबलेत इथे!"

"खोळंबू देत," तो म्हणाला, आणि माझा हात धरला.

त्याच्या बोटाला डिंक लागलेला होता. बाहेर कोणीतरी हसलं, मग आणखी कोणीतरी. मी हात सोडवून घेतला नाही.