सुईवरची खूण

"इंजिन कुठलं?" काउंटरमागच्या माणसाने विचारलं.

"निळ्या गाडीचं," मी म्हणाले.

त्याने मान वर केली... आणि मी उगाचच पर्सची चेन उघडून पुन्हा लावली. इतक्या शांत डोळ्यांचा माणूस स्पेअर पार्ट्सच्या दुकानात काय करतोय! आता सांगायला हरकत नाही, मला तो तिथेच आवडला.

गाडी माझ्या आत्याची. छोटीशी, गोल दिव्यांची, वयाने माझ्याहून मोठी. तिच्या इंजिनाचं गॅस्केट, म्हणजे दोन भागांमधली चपटी पट्टी, जळलं होतं. मेकॅनिकने बजावलं होतं, "आधी गॅस्केट आणा, मग इंजिन उघडतो." आणि बाबांनी बजावलं होतं, "सोमवारपर्यंत मार्गी लागलं नाही, तर भंगारवाल्याला बोलावतो." आत्या पानावरून उठून गेली. त्याच गाडीत तिने मला क्लच सोडायला शिकवलं होतं. ती भंगारात गेलेली मला बघवली नसती.

"इंजिन नंबर तरी सांगा."

"नंबरच नाही. कधीतरी इंजिन बदललंय, पण त्यावर काही खूणच नाही."

"मग पंचाईत आहे. या गाडीला तीन मापांची इंजिनं बसतात. बाहेरून तिन्ही सारखीच, अगदी तिळी भावंडं! आत पिस्टन किती वर-खाली होतो, त्यावरून ओळखायचं. मी अंदाजाने पार्ट देत नाही हो."

"मग येऊन मोजा!"

हे माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे.

"रविवारी दुकान बंद असतं," तो म्हणाला. "येतो."

रविवारी तो खरंच आला. त्याने चारही स्पार्क प्लग काढले, आत्याची विणायची लांब सुई मागून घेतली आणि एका भोकातून अलगद आत सोडली.

"गाडी टॉप गिअरमध्ये आहे. तुम्ही मागून हळूहळू ढकला. पिस्टनबरोबर सुई वर-खाली होईल, मी तिच्यावर दोन खुणा करीन. त्यांच्यातलं अंतर म्हणजे आपलं उत्तर."

मी ढकलायला लागले. बॉनेटच्या बाजूने तो डोकावून बघत होता. "हं... अजून जरा... अजून..." त्या आवाजाने माझे कान का तापावेत?

त्याने पट्टी लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बहात्तर मिलिमीटर? असं इंजिन नसतंच. अडुसष्ट, शहात्तर, नाहीतर चौऱ्याऐंशी."

पुन्हा ढकललं. एकोणऐंशी.

"ढकलून ढकलून वाढलं वाटतं," मी म्हणाले. तो कानापर्यंत लाल झाला.

"तुम्ही धरा सुई. काय काम करता तुम्ही?"

"दातांच्या कवळ्या बनवते. केसाएवढा फरक चालत नाही आमच्यात."

"मग प्रश्नच मिटला!"

त्याने बाह्या दुमडल्या, गाडीला खांदा लावला... आणि माझं माप आलं एक्क्याऐंशी.

पायरीवर बसून मजा बघणारी आत्या काठी टेकत उठली. "सरका बघू. सुई माझी, गाडी माझी. तुम्ही दोघं मागे जा. आणि नजर गाडीवर ठेवा, एकमेकांवर नको!"

आम्ही मुकाट्याने मागे गेलो. शेजारी शेजारी उभं राहून ढकलताना त्याचं कोपर माझ्या कोपराला लागलं. त्याने ते मागे घेतलं नाही. मीही नाही.

"शहात्तर!" आत्या ओरडली. "मधलं इंजिन!"

मी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्याच क्षणी माझा चेहरा उतरला. "पण उद्या सोमवार... आणि दुकान आज बंद..."

तो स्कूटरपाशी गेला. डिकीतून त्याने तीन चपटी पाकिटं काढली.

"तिन्ही मापांची आणलीत?" मी बघतच राहिले. "मग मोजायचं कशाला? मेकॅनिकने उघडून बसेल ते लावलं असतं की!"

"लावलं असतं." तो पाकिटांकडेच बघत होता. "पण मग मला यायला काही निमित्त उरलं नसतं. आणि आलो तर माप चुकणार, हेही माहीत होतं. तुम्ही नुसत्या समोर उभ्या राहिलात तरी... म्हणून तिन्ही घेतली. माझ्या गोंधळापायी तुमची गाडी जायला नको." त्याने पाकिटं उगाचच एकावर एक नीट रचली. "मला तुम्ही फार आवडता."

बॉनेटपाशी आत्या एकदम खोकली आणि सुई पुसत घरात निघून गेली.

"माझंही माप चुकलं ना," मी हळूच म्हणाले. "कवळीत माझं कधी चुकत नाही."

तेव्हा कुठे त्याने वर बघितलं. इतक्या वेळात पहिल्यांदाच तो मोकळेपणाने हसला.

मी मधलं पाकीट ठेवून घेतलं आणि उरलेल्यांपैकी एक त्याच्या हातात दिलं. "हे आज घेऊन जा."

"आणि तिसरं?"

"ते न्यायला परवा या," मी म्हणाले. "आणि परवाही ते इथेच विसरून जा."