वाळूची ऊब आणि आईचा ताप

समुद्रकाठच्या कासव-केंद्रात कूर्मा नावाचा यंत्रमानव एकेका घरट्यातल्या वाळूची ऊब मोजत होता. "या घरट्यातून बहुतेक माद्याच निघतील," तो म्हणाला. "वाळू फार तापली आहे."

शेजारी उभी राहून बघणारी मृण्मयी दचकलीच. "उबेमुळे मादी होते?"

"कासवांमध्ये, हो," केंद्रातले वामनआजोबा म्हणाले. जन्माआधीच्या वाढीचा अभ्यास करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

मृण्मयीचा चेहरा पडला. "मग काकू म्हणते ते खरंच! दादा पोटात असताना आईला ताप आला होता. म्हणूनच तो आता म्हणतो, मी मुलगी आहे, मला सावनी म्हणा. काकूचं ऐकल्यापासून आई धड जेवतसुद्धा नाही."

आजोबा वाळूतच बसले. "माणसाचं कासवासारखं नसतं, बाळा. आईच्या पोटात पहिले काही आठवडे सगळ्यांची घडण सारखीच असते. मग गुणसूत्रं (पेशीतले माहितीचे धागे) वाट दाखवतात. त्याप्रमाणे वृषण किंवा बीजांडकोश तयार होतात. पुढे संप्रेरकं (शरीरात निरोप पोचवणारी रसायनं) बाकीची घडण करतात. एखाद्याची एखादी पायरी वेगळीही पडते."

"मग दादाचं काय झालं?"

"शरीर घडणं ही एक गोष्ट. आपण आतून कोण, ही जाणीव म्हणजे लिंगभाव, ती दुसरी. बहुतेकांच्या दोन्ही जुळतात, काहींच्या जुळत नाहीत."

"का?"

"जनुकं, संप्रेरकं, मेंदूची घडण, नंतरचं जगणं... सगळ्यांचा वाटा असावा. पक्कं उत्तर अजून कुणाकडे नाही. माझ्याकडेही नाही. पण आईच्या तापानं असं होतं याला काडीचा पुरावा नाही. हा आजार नाही, आणि कुणाची चूक तर नाहीच."

मृण्मयी धावतच घरी आली. आई नारळ खवत होती. मृण्मयी एका दमात सगळं सांगू लागली, मध्येच अडखळली, मग तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आईचा हात थांबला.

"म्हणजे कारण कुणालाच ठाऊक नाही?"

"नाही. मी मोठी होऊन शोधीन. पण तू काही केलं नाहीस, आई."

आईनं पदरानं डोळे पुसले. ती उठून आतल्या खोलीच्या बंद दाराशी गेली. तिथून तिनं हाक मारली, "सावनी! जेवायला ये गं."

आतून कडी वाजली.

"आले, आई!"