कोरी पट्टी

आईचा चेहरा दिसेल असा एकही फोटो घरात नव्हता. ती कायम कॅमेऱ्यामागे. होती ती एकच निगेटिव्ह, लेकीने आठव्या वर्षी हट्टाने काढलेली. फिल्मला उजेड इतका कमी मिळाला होता की ती जवळजवळ पारदर्शकच राहिली.

आईला जाऊन महिना झाला तेव्हा चाळिशीतली लेक ती निगेटिव्ह घेऊन आईच्या प्रयोगशाळेत गेली. अशा निगेटिव्हमधून चित्र वर आणायची रीत आईनेच शोधली होती. निगेटिव्ह किंचित किरणोत्सारी द्रावणात बुडवायची; उजेड पडला तिथे उरलेल्या चांदीच्या कणांना ते चिकटतं. मग ती नव्या फिल्मवर दाबून ठेवायची. डोळ्याला न दिसणारे कणही तिथे काळे उमटतात.

डार्करूमवाले काका आईच्या हाताखाली पस्तीस वर्षं होते. त्यांनी निगेटिव्हसोबत फिल्मची एक कोरी पट्टीही बुडवली, कधीच उजेड न पाहिलेली.

"ही कशाला, काका?"

"आपली रीत पदरचं काही घालत नाही ना, ते बघायला. बाई म्हणायच्या, कोऱ्या पट्टीला विचारल्याशिवाय कुणाचं खरं मानू नये. नवऱ्याचंसुद्धा."

महिन्याभरात लेक पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी त्या दोन्हींवर रात्रभर दाबून ठेवलेल्या फिल्म धुतल्या. खोलीभर आंबूस वास. निगेटिव्हमधून खिडकीची चौकट आली, पडद्याची कड आली. चेहऱ्याच्या जागी काही नाही.

"जिथे चांदीच नाही तिथे उमटणार काय, पोरी?"

मग त्यांनी कोऱ्या पट्टीची फिल्म उचलून पाहिली आणि हात पाठीमागे नेला.

"बघू."

"राहू दे. खराब झाली ती."

तिने ती त्यांच्या हातातून घेतली, बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी नेली, उजेडासमोर धरली.

आई. तिशीतली, पापण्यांचे केस मोजता यावेत इतकी स्पष्ट. हातात काहीतरी उजेडाकडे धरून थेट समोर बघणारी. कपाळावर आठी, परकं माणूस दारात आल्यावर पडते तशी.

"आई!" लेकीच्या तोंडून निघालं.

काका मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी कपाटातून एक जुनी नोंदवही काढली. आईचं अक्षर. पानोपानी तेच: 'कोरी पट्टी: कोरी.'

त्यांचं बोट एका तारखेवर थांबलं. लेक तेव्हा आठ वर्षांची होती.

"त्या दिवशीची ती पट्टी बाईंनी जाळली. नोंद मात्र खोडली नाही."

तिने वाचलं.

'कोरी पट्टी: एक स्त्री, चाळिशीची. खिडकीपाशी उभी, हातात फिल्म. हाक मारल्यासारखे ओठ उघडे. ओळखीची नाही.'