टपातलं हिरवं लुगडं

"उघडिला टप बाई, वर निळं गं आभाळ;
मिटिला टप बाई, खाली निजे माझं बाळ!"

आईनं मोटारीच्या टपावर ही ओवी रचली तेव्हा बिंदू अजून रांगत होता. काशीतल्या मैदागिनच्या मोटारखान्याचं गंजकं दार समोर आलं आणि गंगेच्या कानात आईचा आवाज पुन्हा उठला. इतका जवळून, की तिनं मागं वळून पाहिलं.

"गंगे, उभी काय राहिलीस? ढकल ना!" तिचा आतेभाऊ ढुंढिराज ओरडला.

"तू काय फक्त दाराला टेकायला आलायस का?" शेजारची प्रेमला म्हणाली. तिघांनी जोर लावला, दार करकरलं, आणि गंगेचा पाच वर्षांचा भाऊ बिंदुमाधव सगळ्यांच्या पायांतून आत घुसला.

"बगळी! बगळी!"

बगळी म्हणजे बाबांची पांढरी मोटार. एक गोरा इंजिनियर विलायतेला परत जाताना ती विकून गेला होता. काशीच्या गल्ल्यांत बैल समोर आला तर माणसाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं, तिथं मोटार कुठली शिरायला! म्हणून ती इथं सडकेलगत राहायची आणि डॉक्टर दीनानाथराव, म्हणजे गंगेचे बाबा, तिच्यातून शिवपूर, सारनाथकडचे रोगी पाहायला जायचे. गेलं वर्षभर मात्र ते एक्क्यातून जात होते. उभ्या उभ्या मोटारीचा कापडी टप धुळीनं विटला, पावसाळी ओलीनं कुजला. आता दिवाळीच्या सुट्टीत नवा बसणार होता.

बिंदूनं काखेतलं गाठोडं मागच्या बाकावर ठेवलं. "नवा टप लागला की नाशिकला जायचं. आईला आणायला!"

ढुंढिराजनं उगीच चाकाला लाथ मारली.

गेल्या कार्तिकात आई तापानं गेली. त्या दिवसांत बिंदूला प्रेमलाच्या घरी ठेवलं होतं. आई नाशिकला आजोबांकडे गेलीय, असं त्याला सांगितलं. "होळी होऊ दे, मी सांगतो त्याला," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "पाऊस सरू दे." तोवर घरात कोणी बोलायचं नव्हतं. बिंदू रोज विचारायचा आणि रोज काहीतरी उत्तर द्यायचं गंगेच्या वाट्याला यायचं.

आणि आता त्यानं वर पाहिलं. टपाच्या जागी नुसत्या लोखंडी कमानी होत्या.

"ताई, आईचं लुगडं कुठंय?"

जुन्या टपाला आतून आईनं आपलं हिरवं नऊवारी लुगडं शिवलं होतं. बाकावर उताणं पडलं की वर ते हिरवं छत दिसायचं. जुना टप कोपऱ्यात गुंडाळलेला होता. गंगेनं तो उलगडला. आत लुगडं नव्हतं!

तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला. त्यांच्याबरोबर टप शिवणारे नसीबुल्ला मिस्त्री होते.

"डाक्टरसाहब, कल शाम तक यहीं था," मिस्त्री कळवळून सांगत होते. "टप उतारा, रखा, नमाज़ को गया. लौटा तो अँधेरा हो गया था. देखा नहीं."

"तो क्या उड़ गया?" बाबा कधी आवाज चढवत नसत, आज चढला. "काम बंद कीजिए, मिस्त्री."

म्हाताऱ्या मिस्त्रींनी मान खाली घातली. सुया, दाभण, मेणाचा गोळा एकेक करून थैलीत टाकला. बाबा पाठ फिरवून निघून गेले.

"बगळी नाही चालणार?" बिंदूनं विचारलं. "मग आई कशी येणार?"

गंगेनं डोळे पुसले. "चाचा, थैली मत बाँधिए. हम ढूँढेंगे!"

"पण हा चोर आहे की खुळा?" प्रेमला टपावर वाकली. "हे बघ, पितळेच्या कड्या तशाच. चामड्याचे पट्टे तसेच. हे सगळं सोडून जुनं लुगडं कोण नेईल?"

"आणि फाडलंही नाही," गंगा म्हणाली. "टाका न् टाका उसवलाय."

तिनं बाकाखाली हात घातला. बोटांना काहीतरी लागलं. केरसुणीची एक काडी, आणि तिच्यावर हिरवा दोरा नीट, सारखा गुंडाळलेला!

तिघंही त्या काडीकडे बघत राहिली. उसवलेला दोरा फेकून न देता काडीला गुंडाळून ठेवणारं माणूस त्यांच्या घरातच होतं. पुडीचा दोरा असो की गोधडीचा, सगळा आत्याच्या डब्यात जायचा.

ढुंढिराजचे कान लाल झाले. "माझ्या आईला चोर म्हणतेस?"

"मी तोंडसुद्धा उघडलं नाही!" गंगा म्हणाली.

"डोळ्यांनी म्हणतेस!" तो क्षणभर घुटमळला. मग काडी हिसकावून म्हणाला, "विचारलं तर आई सांगणार नाही. माझ्यावर सोडा."

पंचगंगेच्या गल्लीतल्या घरी अन्नपूर्णाआत्या चकल्या पाडत बसली होती. ढुंढिराज धापा टाकत शिरला, मागून गंगा आणि प्रेमला; बिंदू बाहेर ओट्यावर रेंगाळला.

"आई, मामा मिस्त्रींना कोतवालीत नेतायत! लुगड्याच्या चोरीबद्दल!"

आत्याच्या हातून सोऱ्या पडला. "अगंबाई! त्या गरिबाला कशाला? लुगडं तर मीच…" आणि तिनं पिठाचा हात तोंडावर ठेवला.

"अजून नेलं नाही," ढुंढिराज खाली बघत पुटपुटला. "पण काम गेलं त्यांचं."

"मेल्या, आईला फसवतोस!" पण तिच्या आवाजात राग नव्हता. पदर डोळ्यांना लावून ती गंगेला म्हणाली, "वर्ष भरायच्या आत गेल्या माणसाचं वस्त्र घरातून जावं, गं. नाहीतर जीव घुटमळतो. तिची सगळी लुगडी मी सवाष्णींना दिली. हे एक टपात राहिलेलं परवा आठवलं. जुनेर दान कसं द्यायचं? घाटावरच्या नाववाल्याला, रामधनी मल्लाहाला दिलं, म्हटलं, भर धारेत सोड."

"बाबांना का नाही सांगितलंत?"

"त्याच्यासमोर तिचं नाव काढायची माझी छाती होत नाही, पोरी."

भर धारेत! तरी गंगा उठली. "चला. रामधनीच्या तोंडून ऐकू."

"मी पण!" दाराशी बिंदूनं तिचा हात घट्ट धरला.

पंचगंगा घाटावर आकाशदिव्यांच्या करंड्या उंच बांबूंवर डुलत होत्या. पायरीवर जाळं विणणारा एक मल्लाह म्हणाला, "रामधनी? ऊ तो मुंशी घाट पर है. अभी सवारी लेके रामनगर जाएगा. दौड़ो!"

चौघं धावत सुटली. पुराचा गाळ अजून पायऱ्यांवर होता. प्रेमला दोनदा घसरली, ढुंढिराज तिला हसता हसता स्वतःच बसला. मणिकर्णिकेचा स्मशानघाट आला तशी त्यांची पावलं मंदावली.

"ताई, इथं एवढा धूर कसला?" बिंदूनं विचारलं.

"शेकोटी आहे," गंगा म्हणाली. वर्षभर अशी उत्तरं देऊन तिची जीभ जड झाली होती. "चल, नाव सुटेल."

मुंशी घाटावर पोचेतो नाव सुटलीच!

"रोको! रामधनीकाका, रोको!"

वारा उलटा होता, नावेत कोणाला ऐकू जाईना. नावेमागं ओढल्या जाणाऱ्या दोराचं टोक पायरीवरून सरकलं. ढुंढिराजनं मागचापुढचा विचार न करता उडी घेतली. धप्प! तो गळ्यापर्यंत बुडाला, वर आला, आणि दोर धरून ओरडला, "पकडा! नाहीतर मी रामनगरला चाललो!"

गंगा आणि प्रेमला गुडघाभर पाण्यात शिरून त्याला ओढू लागल्या. नाव थरथरली. रामधनीनं वळून पाहिलं, वल्हं उलटं मारलं आणि हसत नाव मागं घेतली.

गंगा बिंदूला घेऊन आत चढली, आणि जागीच थांबली.

नावेच्या छपराखाली हिरवी झोळी बांधली होती. आईचंच लुगडं! तिच्यात इवलंसं बाळ झोपलं होतं. रामधनीची बायको पायानं झोळीला झोका देत गुणगुणत होती.

"छोड़ने ही जा रहा था, बिटिया," रामधनी ओशाळून म्हणाला. "घरवाली ने हाथ पकड़ लिया."

"इतने महीन टाँकों के निशान थे," ती बाई हळूच म्हणाली. "जिसने सिए, मन लगाके सिए. कैसे बहा देती?" तिनं गंगेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काय समजली कोण जाणे, तिनं वाकून बाळाला उचललं. "तेरी माई का है न? ले जा."

बाळानं टाहो फोडला.

"उठवलं कशाला त्याला?" बिंदू रागावला. "आई असती तर ओरडली असती!"

गंगेला लुगडं हवं होतं. आईचं आता तेवढंच उरलं होतं. आणि बाळ रडतच होतं.

"अगं, नऊवार आहे ते!" प्रेमला म्हणाली. "अर्ध्यात बाळ मावेल. अर्ध्यात बगळीच्या मागच्या बाकावरचं छत!"

गंगेनं लुगड्याचा पदर धरला, बाईनं दुसरं टोक. कापड फाटताना टर्रकन आवाज झाला आणि गंगा हुंदके देऊन रडू लागली. त्या बाईनं काही न विचारता तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

संध्याकाळी आत्यानं भावाला सगळं सांगितलं. बाबा तसेच उठून नसीबुल्ला मिस्त्रींच्या दारी गेले. "मिस्त्री, गलती मेरी थी. माफ़ कीजिए." मग घरी येऊन पोरांना म्हणाले, "मी डोळे मिटून एका भल्या माणसावर आळ घेतला. तुम्ही डोळे उघडे ठेवलेत. शाबास!"

"आणि आईला फसवलं त्याची शाबासकी?" ढुंढिराजनं विचारलं.

"ती चकलीत मिळेल," आत्या म्हणाली.

मिस्त्रींनी नवा टप चढवला. पुढं साधं अस्तर, मागच्या बाकाच्या वर हिरवं. पाडव्याला बगळी सडकेवर निघाली. मैदागिनची पोरं मागून पळत आली. शिवपूरच्या आमराईपाशी गर्दी सरली. मागं, हिरव्या छताखाली, बिंदू गाठोडं मांडीवर घेऊन ताठ बसला होता.

"बाबा, आता नाशिक किती वेळ?"

ढुंढिराजची चकली तोंडातच राहिली. प्रेमला बाहेर बघू लागली. गंगेनं सवयीनं उत्तर जुळवायला घेतलं, "खूप लांब आहे, बिंदू, आज आपण…"

"गंगे, तू नको," बाबा म्हणाले.

त्यांनी मोटार झाडाखाली थांबवली. यंत्राची घरघर बंद झाली. ते उतरले, मागचं दार उघडून आत आले, आणि गाठोड्यासकट बिंदूला मांडीवर घेतलं. गंगेनं त्यांच्या बाहीवर हात ठेवला.

"बिंदू, आई नाशिकला नाही, बाळा. मी तुला खोटं सांगितलं. खरं मलाच म्हणवत नव्हतं. तिला खूप ताप आला होता. मी डॉक्टर आहे, तरी मला ती वाचवता आली नाही. आपली आई वारली, बिंदू. ती आता येणार नाही."